पेटीवर शिक्का कोणाचा?

जयपूरहून टोंक रस्त्याने दक्षिणेला निघाले आणि सांगानेर मागे पडले की सीतापुरा लागते. राजस्थानच्या औद्योगिक महामंडळाने, ज्याला तिथे सगळे ‘रीको’ म्हणतात, वसवलेली ही वसाहत आहे. तयार कपड्यांचे कारखाने, रत्ने-दागिन्यांचे निर्यात क्षेत्र, महाविद्यालये, एक मोठे रुग्णालय असा तिचा पसारा. पाळी सुटल्यावर अशा वसाहतीच्या चौकात जी गर्दी लोटते, ती पगारावर जगणाऱ्या, महिन्याच्या शेवटी फार काही न उरणाऱ्या माणसांची असते. आणि आपल्या देशात अशी गर्दी जिथे असते तिथे मदत मागणारेही येतात. गोशाळेच्या चाऱ्याचा डबा, मंदिराच्या बांधकामासाठी कर्णा लावून फिरणारी रिक्षा, आजारी मुलाचे छायाचित्र चिकटवलेली पेटी. संक्रांतीला तर जयपुरात पतंगांइतकेच महत्त्व दानालाही असते.

त्या पेटीत दहा रुपये टाकणाऱ्या कामगाराने एकच प्रश्न विचारला, की ‘या पेटीला परवानगी कोणी दिली?’, तर उत्तर द्यायला किती कार्यालये लागतील? वसाहतीची आखणी आणि भूखंड रीकोचे. शहराचा कारभार महापालिकेचा. भोवतालच्या वाढीची आखणी जयपूर विकास प्राधिकरणाची. पेटीवर नाव असलेली संस्था न्यास असेल, तर १९५९च्या राजस्थान सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे तिची नोंद देवस्थान विभागाकडे, ज्याचे मुख्यालय उदयपूरला. चौकातली गर्दी आणि वाहने पोलिसांची. प्रत्येकाकडे प्रश्नाचा एकेक तुकडा आहे. अख्खा प्रश्न कोणाच्याच टेबलावर नाही. सीतापुऱ्याऐवजी चाकण, भोसरी किंवा वाळूज म्हणा, रीकोच्या जागी एमआयडीसी घाला, चित्र तेच राहते.

या लेखात मला या अख्ख्या प्रश्नाकडे पाहायचे आहे. रस्त्यावर, दारोदार, सार्वजनिक जागी लोकांकडून पैसे गोळा करण्याला आपल्याकडे परवाना कोण देते, त्या परवान्याचा फेरविचार कधी होतो, आणि तो करताना देणाऱ्याला कोणी विचारते का.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपण या बाबतीत मागास नाही. उलट, धर्मादाय आयुक्तांची स्वतंत्र यंत्रणा उभी करणाऱ्या पहिल्या राज्यांत आपले नाव आहे. न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनंतर १९५०चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. आज त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे. त्यातले कलम ४१ क नेमके आपल्या विषयाचे. नोंदणी नसलेल्या माणसाला किंवा मंडळाला धार्मिक वा धर्मादाय कामासाठी जनतेकडून पैसे किंवा वस्तू गोळा करायच्या असतील, तर त्याने धर्मादाय कार्यालयाला सामोरे गेले पाहिजे. गल्लीबोळातली गणेशोत्सव आणि नवरात्र मंडळे दरवर्षी जी तात्पुरती परवानगी काढतात ती याच कलमाखाली. मंडळाचा ठराव, सदस्यांची ओळखपत्रे, जागेची संमती आणि गेल्या वर्षीचा हिशेब एवढी कागदपत्रे साधारणपणे लागतात. हिशेब पाच हजारांच्या आतला असेल तर मंडळाने स्वतः लिहिलेला चालतो, वरचा असेल तर सनदी लेखापालाचा लागतो. विनापरवाना वर्गणी गोळा केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद आणि जमा रकमेच्या दीडपट दंड अशी तरतूद आहे. दर श्रावणात जिल्हा माहिती कार्यालयांची पत्रके ही शिक्षा छापतात.

कायदा चांगला आहे. पण तो कुठे थांबतो तेही पाहायला हवे. धर्मादाय कार्यालय पैशाकडे पाहते, रस्त्याकडे नाही. एका चौकात एकाच संध्याकाळी पाच मंडळांची मुले पावती पुस्तके घेऊन उभी राहिली, तर त्याचा विचार कोणी करायचा? नोंदणीकृत न्यास असेल तर त्याला ४१ कची परवानगी लागतच नाही. म्हणजे दूरच्या जिल्ह्यातली एखादी नोंदलेली संस्था इथल्या सिग्नलवर डबा हलवू लागली, तर इथल्या पालिकेला आणि नागरिकांना त्याची खबरही नसते.

रस्त्याकडे पाहते महापालिका. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत तिने बऱ्यापैकी बारकाईने पाहिले आहे, कारण न्यायालयाने भाग पाडले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रस्त्यावरच्या मंडपांसाठी धोरण आखायला सांगितले. रस्ता अडवून उत्सव करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. तेव्हापासून मंडपाची रुंदी, रुग्णवाहिकेला वाट, अग्निशमन आणि वाहतूक पोलिसांचे नाहरकत, ध्वनिमर्यादा यांचा तपशील पालिकेच्या कागदावर आला. २०२४ मध्ये राज्य सरकारने, आधीची दहा वर्षे नियम पाळणाऱ्या मंडळांना एकदम पाच वर्षांची परवानगी देण्याचे ठरवले. २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने मंडपाच्या प्रत्येक खड्ड्यामागे पंधरा हजार रुपये दंड जाहीर केला, मंडळांनी विरोध केला, आणि दंड पुन्हा दोन हजारांवर आला. यालाच मी धोरणाचा फेरविचार म्हणतो. वाद झाला, दोन्ही बाजू बोलल्या, आकडा बदलला. पण हा सगळा फेरविचार रस्त्यातल्या खड्ड्याचा होता. त्याच मंडपात ठेवलेल्या दानपेटीबद्दल पालिकेच्या धोरणात बोलण्यासारखे काही नसते, कारण पेटी तिच्या अखत्यारीत येत नाही.

फेरविचार म्हणजे काय, हे आपल्या रस्त्यांनी खरे तर दुसऱ्या एका परवान्यात पाहिले आहे. तो म्हणजे फेरीवाल्यांचा. हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण वर्गणीच्या प्रश्नाला इथून शिकण्यासारखे खूप आहे.

१९८५ मध्ये बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेरीसाठी क्षेत्रे आखण्याचा मार्ग दाखवला. १९८९ मध्ये सोदानसिंग खटल्यात रस्त्यावर धंदा करणे हा व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे, मात्र त्यावर वाजवी बंधने येऊ शकतात, असे म्हटले. राजस्थानने २०११ मध्ये स्वतःचा फेरीवाला कायदा केला आणि २०१४ मध्ये संसदेने देशभरासाठी केला. त्या केंद्रीय कायद्यात तीन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण झालेच पाहिजे. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घेण्याचे माप धरले पाहिजे. आणि निर्णय घेणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत. म्हणजे परवाना देणारा, परवाना घेणारा आणि रस्ता वापरणारा एका टेबलाभोवती, ठरावीक काळाने, कायद्याने बसतात.

प्रत्यक्षात काय झाले हे मुंबईकराला ठाऊक आहे. २०१४च्या सर्वेक्षणात ९९ हजार ४३५ अर्ज आले. छाननी होत होत त्यातले ३२ हजार ४१५ पात्र ठरले. समितीवर प्रतिनिधी निवडण्यासाठी मतदान झाले ते २०२४च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे पाच वर्षांचे दोन फेरे उलटून गेल्यावर. मधल्या काळात २०१७च्या सप्टेंबरमध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि त्यानंतर उच्च न्यायालयाने स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीला मनाई केली. धोरणाचा फेरविचार वेळेवर झाला नाही, की तो असा अपघातानंतर, घाईने आणि बंदीच्या रूपाने होतो.

तरीही फेरीवाल्याकडे निदान कायद्याचा एक कागद आहे, ज्यावर बोट ठेवून तो ‘माझे सर्वेक्षण कुठे?’ असे विचारू शकतो. वर्गणी देणाऱ्याकडे तसा कागद नाही.

आणखी एक कायदा या प्रश्नाला स्पर्श करतो, आणि बहुतेकांना तो तिथे असेल असे वाटत नाही. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. त्यात भीक मागण्याची व्याख्या फार पसरट आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, काही वस्तू विकायला पुढे करणे, या निमित्तानेही सार्वजनिक जागी मागितलेले पैसे तिच्यात येतात. आणि मग त्याच व्याख्येत अपवाद आहे: कायद्याने किंवा नेमून दिलेल्या अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या कारणासाठी पैसे मागणे ही भीक नव्हे. म्हणजे रस्त्यावर हात पुढे करणारे दोघे. एक भुकेला, दुसरा संस्थेचा बिल्ला लावलेला. दोघांमधली रेषा एका शिक्क्याने काढलेली. पहाटे टाळ वाजवत येणारा वासुदेव, जोगवा मागणारी स्त्री, अंगावर कोरडे ओढणारा पोतराज या रेषेच्या कुठल्या बाजूला? कायद्याची भाषा घेतली तर उत्तर अस्वस्थ करणारे आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हर्ष मंदर यांच्या याचिकेवर या कायद्यातल्या भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. राजस्थानने २०१२ मध्ये पुनर्वसनाचे नाव घेऊन वेगळा कायदा केला. महाराष्ट्रातली पसरट व्याख्या मात्र अजून पुस्तकात आहे. वर्गणीचे धोरण करताना कोणी ते ‘रस्त्यावर पैसे मागणाऱ्यांचे धोरण’ म्हणून केले, तर पहिला दंडुका याच माणसांवर पडेल. त्यांना त्यातून आधी बाजूला काढले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. भुकेसाठी मागणे आणि कामासाठी निधी उभारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब दुसऱ्यालाच मागायचा असतो.

बाहेरचे उदाहरण पाहायचे तर इंग्लंडचे पाहावे, कारण तिथे हा विषय थेट नगर परिषदांकडे आहे. १८८६ मध्ये वादळात सापडलेल्या जहाजाच्या मदतीला गेलेले सत्तावीस जीवरक्षक नावाडी बुडाले. त्यांच्या संस्थेसाठी १८९१ मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांवर निधी गोळा झाला, आणि तिथून रस्त्यावरच्या धर्मादाय फेरीची प्रथा रुजली असे मानतात. १९१२ मध्ये राणी अलेक्झांड्राच्या नावाने कागदी-कापडी गुलाब विकले गेले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर झेंडे आणि बिल्ले विकण्याचे पेव फुटले, त्यात लबाडही शिरले, आणि १९१६ मध्ये कायदा झाला. दारोदारच्या वर्गणीसाठी दुसरा कायदा १९३९चा. आजही तिथल्या परिषदा याच जुन्या कायद्यांवर परवाने देतात. पेटी मोहोरबंद हवी, तिच्यावर क्रमांक हवा. गोळा करणाऱ्याने कोणाच्या मागे लागायचे नाही. दोन स्वयंसेवकांत ठरलेले अंतर हवे. फेरी संपल्यावर ठरलेल्या मुदतीत हिशेब परिषदेला द्यायचा आणि तो प्रसिद्धही करायचा. मद्य आणि करमणुकीच्या परवान्यांचे धोरण परिषदेने दर पाच वर्षांनी लोकांपुढे ठेवून नव्याने मंजूर करावे, असे तिथला परवाना कायदा सांगतो. वर्गणीच्या धोरणाला अशी सक्ती नसली, तरी अनेक परिषदा मसुदा जाहीर करून संस्था, दुकानदार आणि रहिवाशांच्या सूचना मागवतात.

तिथेही सगळे सुरळीत नाही. रस्त्यात अडवून बँकेच्या अर्जावर सही घेणारे पगारी प्रतिनिधी आले, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा कायदा नाणी-नोटांसाठी लिहिलेला, सहीला काय म्हणायचे हे त्याला कळेना. नवे कायदे १९९२ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये झाले, पण त्यांतला रस्त्यावरच्या वर्गणीचा भाग अमलात आलाच नाही. शेवटी परिषदांनी संस्थांशी समजुतीचे करार केले. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वारी, किती माणसे.

आपल्याकडे ती सही क्यूआर कोडच्या रूपाने आली आहे. २०१६ नंतर मोबाइलवरून पैसे देणे इतके सहज झाले की पेटीला मोहोर लावण्यात अर्थ उरला नाही. मंडपातल्या फलकावरचा कोड कोणाच्या खात्यात जातो, मंडळाच्या की खजिनदाराच्या, हे देणाऱ्याला स्क्रीनवर नाव वाचूनच कळते. गर्दीत, दर्शनाच्या रांगेत ते कोण वाचतो? पावती पुस्तकाला निदान क्रमांक असतो, मागे स्थळप्रत राहते. माझ्या मते पुढच्या कोणत्याही धोरणात पहिली अट हीच असावी, की कोड संस्थेच्या किंवा परवानगी मिळालेल्या मंडळाच्या खात्याचाच असेल आणि परवानगीचा क्रमांक त्याच्या शेजारी छापलेला असेल. याला खर्च नाही, वेळ लागत नाही.

इथे कोणी म्हणेल की आपल्या समाजात वर्गणी विश्वासावर चालत आली आहे, तिला कागदाची काय गरज? मला हे अर्धेच खरे वाटते. मराठी समाजाने ज्या वर्गण्यांचा अभिमान बाळगावा, त्या हिशेबावर उभ्या होत्या. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर पैसा फंडाची कल्पना मांडली. माणशी वर्षाला एक पैसा. लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा देणाऱ्यालाही आपला पैसा कुठे गेला ते तळेगावला जाऊन बघता येत होते, तापलेल्या भट्टीसमोर उभे राहून. त्याच वर्षी, पोर्तुगीज अमलाखालच्या पणजीत, मुष्टिफंड संस्था सुरू झाली. घरातल्या बाईने रोज एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे, आणि त्यातून मराठी शिक्षण चालायचे. तांदळाची मूठ मोजणे पैसा मोजण्याहून कठीण. तरी ती संस्था आजही शाळा चालवते. महर्षी कर्व्यांनी आश्रमासाठी आयुष्यभर दारोदार निधी मागितला आणि मिळालेल्या रकमांची नोंद ठेवली. १९४९ पासून सरकारही दर ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन निधी गोळा करते. जिल्ह्याला उद्दिष्ट ठरते, कार्यालयांना वाटून दिले जाते, छोटा ध्वज छातीवर लागतो. म्हणजे जाहीर वर्गणी, तिचा बिल्ला आणि तिचा हिशेब ही आपल्याला परकी गोष्ट नाही.

दुसरी हरकत मला जास्त वजनदार वाटते. संकटाच्या वेळी कागद कोण भरणार? २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली, तेव्हा राज्यभर चौकाचौकांत तरुण मुले डबे घेऊन उभी राहिली. एकीकडे मदतीचे ट्रक अडकून पडलेले, दुसरीकडे नको असलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग. त्या मुलांना ४१ कचा अर्ज भरायला लावणे क्रूरपणाचे झाले असते. पण काहीच नियम नसल्यामुळे खरे कोण, खोटे कोण हे ओळखायचा मार्गही नव्हता. इंग्लंडच्या नियमांत अर्जाची आगाऊ मुदत ठरलेली असते, मात्र तातडीच्या प्रसंगी ती माफ करण्याचा अधिकारही असतो. आपल्याकडे प्रभाग कार्यालयाने चोवीस तासांत एका पानावर नोंद करून क्रमांक द्यावा आणि हिशेब नंतर महिनाभरात घ्यावा, इतके सोपे करता येईल. आपत्तीत मदत अडवण्यापेक्षा नंतर हिशेब मागणे बरे.

तिसरी अडचण जबरदस्तीची. वर्गणी न देणाऱ्या दुकानदाराला धमकावणे हा गुन्हा आहे, पोलीस त्यावर खंडणीचे कलम लावतात. पण दुकानदार तक्रारीला सहसा जात नाही, कारण उद्याही त्याला त्याच गल्लीत बसायचे आहे. कायद्याने जे साधत नाही ते इथे धोरणाने साधेल. मंडळाचा गेल्या वर्षीचा ताळेबंद प्रभाग कार्यालयाच्या फलकावर आणि मंडपाच्या दारात लागला, तर देणाऱ्याच्या हातात प्रश्न विचारण्याचे साधन येते. काही मंडळे हे आजही आपणहून करतात. जमा, खर्च, शिल्लक, मंडपाच्या खांबाला बांधलेल्या फलकावर. ते वाचत उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. एखादा म्हातारा बोट फिरवत बेरीज तपासतो आणि मग खिशात हात घालतो.

मग हे धोरण कोणी करायचे? धर्मादाय कार्यालयाकडे पैशाचे ज्ञान आहे, पालिकेकडे रस्त्याचे, पोलिसांकडे गर्दीचे. माझे उत्तर आहे की पालिकेने. तिच्याजवळ वॉर्ड आहे, आणि देणारा वॉर्डात राहतो. फेरीवाला समितीसारखीच एक छोटी समिती, धर्मादाय कार्यालय आणि पोलीस सोबत घेऊन, दर पाच वर्षांनी बसावी. कुठल्या चौकात महिन्यातून किती फेऱ्या, बिल्ला कसा, वयाची अट काय, हिशेबाची मुदत किती, कोणाला पूर्ण सूट, हे मसुद्यात लिहावे आणि मसुदा महिनाभर लोकांसमोर ठेवावा. जिथे रस्ता एमआयडीसीचा किंवा रीकोचा आहे तिथे त्यांनी पालिकेचाच शिक्का मान्य करावा, दुसरा उठवू नये.

हे बोलायला आजची वेळ बरी आहे. मुंबई-पुण्यासह महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिकांत २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासक होते. मंडपाचे दर, खड्ड्याचे दंड, फेरीवाल्यांच्या याद्या, सगळे सभागृहाविना ठरले. २०२६च्या जानेवारीत मतदान झाले आणि नगरसेवक परत आले. त्यांतल्या अनेकांचे सार्वजनिक आयुष्य एखाद्या गणेश मंडळाच्या पावती पुस्तकापासूनच सुरू झालेले आहे. कोणते पान फाडताना समोरच्याचा चेहरा खुलतो आणि कोणते फाडताना आक्रसतो, हे त्यांना कोणी सांगायला नको. येत्या भाद्रपदाआधी त्यांच्या विधी समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय एका ओळीने जरी आला, तरी पेटीतल्या पैशाची पालिकेत चर्चा सुरू होईल.